वाचकांचे प्रश्न : आराखड्यातून काय गाळायचे, हे कोणी ठरवायचे?

या महिन्यात निपाणी, चिकोडी, बेळगाव आणि खानापूर येथून आलेली चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. कामाच्या नोंदी संगणकावर आणण्यापूर्वी त्या कामाचा जो आराखडा काढला जातो, ज्याला अभ्यासक्रमात संकल्पनात्मक मॉडेल म्हणतात, त्यात वास्तवातले किती घ्यायचे आणि किती सोडून द्यायचे, हा या चौघांचाही प्रश्न आहे.

प्रश्न : मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी आहे. वह्या बंद करून सर्व कारभार संगणकावर आणण्याचे संचालक मंडळाने ठरवले. काम घेतलेल्या तरुणाने पहिल्याच बैठकीत एका कागदावर पाच-सहा चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा काढून दाखवल्या. त्यात कॅन नाहीत, म्हशी नाहीत आणि छापील बिलही नाही. अध्यक्ष म्हणाले, "ही आपली संस्थाच नाही." इतके सगळे गाळून आराखडा कसा होतो? आणि काय गाळायचे हे त्याने ठरवायचे की आम्ही? (निपाणी परिसर)

उत्तर : ठरवायचे आपणच, मात्र ते ठरवताना त्या तरुणाने आपल्याला नेमके प्रश्न विचारले पाहिजेत आणि आपण त्यांची उत्तरे टाळता कामा नयेत. अध्यक्षांची शंका योग्य आहे, पण त्यांनी बोट ठेवले ते भलत्याच जागी. कॅन दिसत नाहीत, ही त्या कागदातली उणीव नाही. 'सभासद' असे लिहिलेल्या एका चौकोनात किती वेगवेगळी माणसे कोंबली आहेत, हे पाहायला हवे होते.

अमूर्तीकरण म्हणजे एखाद्या कामापुरते काही फरक बाजूला ठेवून वेगवेगळ्या गोष्टींना एकसारखे मानणे. संस्थेत रोज दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाची किटली वेगळी, गोठा वेगळा, घरची अडचण वेगळी असते. तरीही आपली वही त्या सगळ्यांना नंबर, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धांश वगळून दुधातला घन भाग), दर आणि रक्कम एवढ्याच रकान्यांत बसवते. तेव्हा गाळणे आपण पूर्वीपासूनच करीत आला आहात. वहीची सोय अशी की तिला समास असतो, आणि 'या नंबरचे दूध आजपासून धाकट्याच्या नावे' असे तिरक्या अक्षरात तिथे लिहून ठेवता येते. संगणकाच्या आराखड्याला असा समास नसतो. जो फरक आधी मांडला नाही, तो पुढे नोंदवायला जागा मिळत नाही, आणि मग माणसे तो 'शेरा' नावाच्या रकान्यात दडवू लागतात. एखाद्या संस्थेचा शेऱ्याचा रकाना वाचला, की तिच्या आराखड्यात काय राहून गेले ते कळते, असा माझा अनुभव आहे.

काय ठेवायचे याची कसोटी साधी आहे : ही व्यवस्था कोणत्या प्रश्नांची उत्तरे देणार, याची यादी आधी करावी. म्हशीचेच उदाहरण घ्या. दहा दिवसांचे बिल काढण्यासाठी दूध गायीचे की म्हशीचे एवढे पुरते, कारण दर त्यावरून बदलतो. ते घरच्या दोन म्हशींपैकी कोणत्या म्हशीचे, याच्याशी बिलाला देणेघेणे नाही. म्हणून त्या तरुणाने म्हशी गाळल्या, ते बिलापुरते बरोबरच आहे. पण उद्या संस्थेला लसीकरण, कृत्रिम रेतन किंवा पशुविमा यांची नोंद ठेवायची असेल, तर जनावर हा स्वतंत्र घटक, म्हणजे आराखड्यातला वेगळा चौकोन, करावाच लागेल आणि त्याच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक ही त्याची ओळख ठरेल. म्हैस तीच, गोठाही तोच. विचारला जाणारा प्रश्न बदलला की तिला आराखड्यात जागा मिळते किंवा मिळत नाही.

आता सभासदाकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. संस्थेचे भाग घेतलेला तो सभासद. ज्याच्या नंबरावर दूध जमा होते तो उत्पादक, आणि तो सभासद असेलच असे नाही. ज्याच्या बँक खात्यात पैसे जातात तो खातेदार. किटली घेऊन प्रत्यक्ष येणारी मात्र बहुधा घरातली सून किंवा शाळकरी मुलगा असतो. चारपैकी शेवटचा माणूस बिनधास्त गाळावा, कारण दूध कोणी आणले यावर संस्थेचा कोणताही निर्णय अवलंबून नाही. उरलेले तीन मात्र एका चौकोनात घालू नयेत. पुष्कळ घरांत हे तिन्ही एकच माणूस असतो, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. ती उघडी पडते घरचा कर्ता माणूस वारल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नंबरावर दूध येतच असते, भाग वारसाच्या नावे व्हायला ठराव आणि कागदपत्रे लागतात, आणि खाते तर बँकेने थांबवलेले असते. सगळे एकाच चौकोनात असेल तर सेक्रेटरीपुढे दोनच वाटा उरतात. जुने नाव पुसून नवे घालावे, म्हणजे मागील वर्षाची बिलेही वारसाच्या नावाने छापली जातील. नाहीतर नवा नंबर उघडावा, म्हणजे त्या घराचा जुना हिशेब, उचल आणि पशुखाद्याची बाकी तुटून पडेल. कर्नाटक सरकारचे लिटरमागे 5 रुपयांचे प्रोत्साहनधन थेट बँक खात्यावर जमा होते, त्यामुळे उत्पादक आणि खातेदार यांची गल्लत आपल्या संस्थांना अधिकच महाग पडते.

यावर तोड अशी : 'व्यक्ती' हा एक घटक ठेवावा आणि सभासदत्व, उत्पादक क्रमांक व बँक खाते हे तिच्याशी जोडलेले स्वतंत्र घटक करावेत, प्रत्येक जोडणीला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' या दोन तारखा असाव्यात. नावावरून व्यक्ती ओळखण्याचा मोह मात्र टाळावा. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे दोन पाटील असणे नवलाचे नाही, आणि एकाच पाटलांचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये, शाळेच्या दाखल्यावर मराठीत आणि बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत वेगवेगळ्या धाटणीने लिहिलेले असते. नाव हा व्यक्तीचा गुणधर्म आहे, तोही एकाहून अधिक असू शकणारा. ओळख क्रमांकाने ठेवावी.

छापील बिल कागदावर नाही ही तक्रार सोडून द्यावी. 1975 साली अमेरिकेतील एएनएसआय-स्पार्क या अभ्यासगटाने डेटाबेसचे तीन थर मांडले : वापरणाऱ्याला दिसते ते बाहेरचे रूप, संस्थेच्या व्यवहाराचा संकल्पनात्मक आराखडा, आणि संगणकातली प्रत्यक्ष साठवण. बिलाचा नमुना पहिल्या थरात मोडतो. तो दरवर्षी बदलला तरी मधल्या थराला धक्का लागू नये, हाच ही विभागणी करण्यामागचा हेतू. दरपत्रक मात्र मधल्या थरात हवेच, आणि ते लागू झाल्याच्या तारखेसह हवे. नाहीतर आज दर बदलल्यावर मागच्या दहा दिवसांचे बिल पुन्हा काढले, तर रक्कम वेगळी येईल आणि संचालकांच्या बैठकीत आपल्याला उत्तर देता येणार नाही.

प्रश्न : मी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात अंतिम वर्षाला आहे. साखर कारखान्याच्या ऊस नोंदणीसाठी प्रकल्प करीत आहे. 'ऊस' हा मुख्य वर्ग करून आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असे चार उपवर्ग केले. मार्गदर्शकांनी "सामान्यीकरण चुकले" एवढाच शेरा दिला. शिवाय 'अ‍ॅग्रिगेशन' या शब्दाचा अर्थ एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसराच आहे. परीक्षेत कोणता लिहावा? आमच्या भागात काही शेतकऱ्यांची जमीन कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, तीही अडचण आहेच. (चिकोडी)

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचा शेरा बरोबर आहे, आणि आपले उदाहरण इतके चांगले आहे की ते पुस्तकातल्या 'कर्मचारी-व्यवस्थापक' या झिजलेल्या उदाहरणाऐवजी शिकवायला घेता येईल.

पीटर चेन यांनी 1976 साली एंटिटी-रिलेशनशिप (ईआर) मॉडेल मांडले, तेव्हा त्यात घटक, त्यांचे संबंध आणि गुणधर्म यांवर भर होता. जॉन स्मिथ आणि डायन स्मिथ यांनी पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, अमूर्तीकरणाच्या दोन क्रिया स्वच्छ वेगळ्या केल्या. एकसारख्या अनेक प्रकारांतले फरक बाजूला ठेवून त्यांचा एक सामान्य प्रकार करणे म्हणजे सामान्यीकरण. वेगवेगळ्या गोष्टींमधील संबंधालाच एक नवी, वरच्या पातळीवरची गोष्ट मानणे म्हणजे एकत्रीकरण, म्हणजेच आपले अ‍ॅग्रिगेशन. शेतकरी, प्लॉट आणि हंगाम या तिघांमधला संबंध घेऊन आपण 'ऊस नोंद' नावाची जी गोष्ट करता, तिला स्वतःचा क्रमांक आणि तारीख देता, ते स्मिथ यांच्या अर्थाने एकत्रीकरण झाले. ईआर शिकवणारी पाठ्यपुस्तके संबंधालाच घटक मानण्याला हा शब्द वापरतात, तो याच परंपरेतून. यूएमएल ही आकृत्यांची भाषा 1997 साली प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिच्यात मात्र हा शब्द 'पूर्ण आणि त्याचा भाग' या संबंधासाठी आहे आणि तो पोकळ समभुज चौकोनाने दाखवतात. परीक्षेत प्रश्न ईआर आकृतीचा असेल तर पहिला अर्थ लिहावा, यूएमएलचा असेल तर दुसरा, आणि कोणत्या पद्धतीने उत्तर देत आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकावे.

आता उसाकडे येऊ. आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये लावतात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे या तिघांची वर्गवारी लागणीच्या काळावरून होते. खोडवा त्यात बसत नाही. लागणीचा ऊस तुटून गेल्यावर बुडख्यांना जे फुटवे येतात त्यांचे पीक म्हणजे खोडवा, आणि तोही तुटल्यावर राखलेला तो निडवा. आडसालीचा खोडवा असतो, तसा सुरूचाही असतो. दोन वेगळ्या कसोट्यांवरचे प्रकार आपण एका रांगेत बसवले, ही पहिली चूक. एका सामान्यीकरणाला कसोटी एकच असावी.

दुसरी चूक अधिक खोल आहे. आपल्या आराखड्यात 'एक ऊस' म्हणजे नेमके काय? एका प्लॉटवरची एक लागण, असे आपण मानले असेल, तर तीच लागण यंदा लागण म्हणून तुटेल आणि पुढच्या गळीत हंगामात खोडवा म्हणून. ती मध्येच उपवर्ग बदलणार, मग आपला प्रोग्राम जुनी नोंद खोडून नवी लिहिणार, आणि शेतकी विभागाने "या लागणीचे पहिल्या तोडीला एकरी किती टन आले होते?" असे विचारले की पडद्यावर काहीच येणार नाही. निकोला ग्वारिनो आणि ख्रिस्तोफर वेल्टी यांनी 2000 सालाच्या सुमारास या बाबतीत एक उपयोगी भेद रूढ केला : काही गुण वस्तूला असेपर्यंत सोडत नाहीत, तर काही तिला लागतात आणि सुटतात. माणूस असणे पहिल्या जातीचे, विद्यार्थी असणे दुसऱ्या. जो गुण सुटू शकतो, त्यावर उपवर्ग उभा करू नये. ती अवस्था म्हणून किंवा भूमिका म्हणून नोंदवावी. वर दूध संस्थेच्या उत्तरात सभासदाला व्यक्तीपासून वेगळे काढले, त्याचेही कारण हेच.

म्हणून 'लागण' हा घटक ठेवून तिला हंगाम आणि तारीख द्यावी, आणि तिच्याशी जोडलेला 'पीक' हा वेगळा घटक करून त्याला अनुक्रम द्यावा : लागण, खोडवा, निडवा. तोडणीचा क्रम आणि टनाचा अंदाज या 'पीक' घटकावर ठेवावा. आपल्या मार्गदर्शकांना एक प्रतिप्रश्न मात्र अवश्य करावा. एका हंगामातले एक पीक हाच मूळ घटक मानला, तर खोडवा ही त्या पिकाची कायमची जात ठरते आणि उपवर्ग करणे गैर राहत नाही. बरोबर-चूक हे 'खोडवा' या नावावर ठरत नाही; एक म्हणून आपण काय मोजतो, त्यावर ठरते.

सीमेपलीकडच्या जमिनीसाठी सामान्यीकरण खरोखरच उपयोगी पडते. 'जमिनीची नोंद' हा सामान्य घटक आणि कर्नाटकाचा आरटीसी म्हणजे पहाणी उतारा व महाराष्ट्राचा सातबारा हे त्याचे दोन उपप्रकार. कोणताही उतारा एका प्रकारातून दुसऱ्यात जात नाही, म्हणून येथे उपवर्ग निर्धोक आहेत. गाव, खातेदार आणि क्षेत्र वर जातील. सर्व्हे नंबर व हिस्सा किंवा गट क्रमांक आपापल्या जागी खाली राहतील. क्षेत्राबाबत जपावे. आपल्याकडे एकर-गुंठे आणि पलीकडे हेक्टर-आर. गुंठा आणि आर बोलताना लोक एकच धरतात. गुंठा सुमारे 101.17 चौरस मीटरचा आणि आर 100 चौरस मीटरचा, म्हणजे एका एकराला, 40 गुंठ्यांना, 40.47 आर. उसाच्या टनांचा अंदाज बांधताना हा फरक खुशाल गाळावा, कारण अंदाजाची चूक त्याहून कितीतरी मोठी असते. कर्जाच्या किंवा अनुदानाच्या कागदावर तोच फरक गाळला तर प्रकरण परत येईल. म्हणून उताऱ्यावर जे लिहिले आहे ते त्याच एककासह साठवावे आणि बेरजेसाठी लागेल तेव्हा रूपांतर करावे.

प्रश्न : मी बेळगावात सॉफ्टवेअरचे काम करतो. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा आराखडा काढण्यापेक्षा 'वस्तू, गुण, मूल्य' अशा तीन रकान्यांचे एकच टेबल ठेवले तर त्यात काहीही बसते. हेच सर्वांत वरच्या दर्जाचे अमूर्तीकरण नव्हे काय? (बेळगाव)

उत्तर : त्यात काहीही बसते, हाच त्याचा दोष आहे. दुधाच्या फॅटच्या जागी कोणी 'बुधवार' लिहिले तरी ते टेबल मुकाट्याने स्वीकारील. आपण गाळलेले फरक नाहीसे झालेले नाहीत. ते आराखड्यातून निघून प्रोग्रामच्या ओळींत जाऊन बसले आहेत, जिथे गिऱ्हाईक ते वाचू शकत नाही आणि दोन वर्षांनी आपल्यालाही ते वाचणे जड जाईल. गुणांची यादी आधी ठरवणेच शक्य नसते, उदाहरणार्थ रुग्णालयातल्या शेकडो प्रकारच्या तपासण्या, तिथे हा मार्ग रास्त आहे. किराणा दुकानाच्या हिशेबाला तो घेणे म्हणजे विचार करण्याचे श्रम वाचवणे होय.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका वाचनालयात मी देवघेव पाहते. एका कन्नड कादंबरीच्या आमच्याकडे दोन प्रती आहेत आणि तिच्या मराठी अनुवादाच्या तीन, त्यातही दोन वेगवेगळ्या आवृत्त्या. संगणकावर नोंद करताना हे एक पुस्तक धरायचे, दोन, तीन की पाच? (खानापूर)

उत्तर : ग्रंथालयशास्त्राने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, 1998 साली एफआरबीआर नावाचे मॉडेल प्रसिद्ध केले आणि पुढे 2017 मध्ये ते एलआरएम या नव्या मॉडेलमध्ये सामावून घेतले. त्यात चार पातळ्या आहेत : लेखकाने निर्मिलेली कृती, एखाद्या भाषेतले तिचे रूप, त्या रूपाची प्रकाशित आवृत्ती, आणि कपाटातली प्रत. त्या मोजणीने आपल्याकडे कृती एक, भाषारूपे दोन, आणि मूळ कन्नडच्या दोन्ही प्रती एकाच आवृत्तीच्या आहेत असे धरल्यास आवृत्त्या तीन आणि प्रती पाच आहेत. आपण विचारलेले चारही आकडे बरोबर आहेत, आणि प्रत्येक वेगळ्या पातळीवर.

चारही पातळ्या आपल्या वाचनालयाने घ्याव्यात असे मी सुचवणार नाही. प्रत ही पातळी हवीच. दाखल क्रमांक तिला असतो, फाटते किंवा हरवते ती प्रत, आणि दंडही तिच्यावरूनच लागतो. तिच्या वर 'पुस्तक' ही पातळी ठेवावी आणि आवृत्ती हा प्रतीचा साधा गुणधर्म करावा, कारण वाचकाला सहसा दुसरी आवृत्ती की चौथी याचे सोयरसुतक नसते. कन्नड मूळ आणि मराठी अनुवाद ही दोन वेगळी पुस्तके धरून त्यांच्यामध्ये 'याचा अनुवाद' असा संबंध जोडावा. आपल्याकडचे किती वाचक दोन्ही भाषा सहज वाचतात, हे पाहता हा संबंध गाळणे शहाणपणाचे होणार नाही. मराठी प्रती बाहेर गेलेल्या असल्या, तर समोरच्या वाचकाला कन्नड प्रत शिल्लक असल्याचे आपल्याला लगेच सांगता येईल.

लेखकाचे नाव देवनागरी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत, पण एकाच लेखक-क्रमांकाखाली नोंदवावे. मागणी नोंदवायची ती पुस्तकावर आणि देवघेव करायची ती प्रतीवर. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला पहिल्याच भेटीत या दोन नोंदी वेगवेगळ्या दाखवायला सांगावे. त्याला त्या दाखवता आल्या नाहीत, तर पुढची बोलणी करू नयेत.